वर्गणी देणारा मतदार आणि देणगी देणारी कंपनी

तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या घरात आजोबांपासून एकाच पक्षाला मत दिले जाते, वडिलांनी त्या पक्षाचे तालुक्यात काम केले, आणि निवडणूक रोख्यांची, म्हणजे देणाऱ्याचे नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याच्या योजनेची, आकडेवारी वाचल्यापासून त्यांना असे वाटू लागले आहे की ज्याला आपण आपला पक्ष म्हणत आलो तो आता मोठ्या कंपन्यांचा झाला आहे. कंपन्यांच्या पैशामुळे पक्ष आपल्यापासून तुटला, की तो आधीच तुटला होता आणि पैसा मागून आला, आणि परंपरेने मत देणाऱ्या घरांनी आता काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. पक्षाचे नाव त्यांनी लिहिलेले नाही. उत्तरासाठी त्याची गरजही नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने सर्व मोठ्या पक्षांना लागू पडते.

मी सांगलीत सनदी लेखापाल आहे. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण हे माझे मुख्य काम, आणि निवडणुकीच्या काळात वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांच्या खर्चाच्या नोंदवह्या माझ्या कार्यालयात तयार होत आल्या आहेत. पक्षाचा पैसा कोठून निघतो, कोणाच्या हातून जातो आणि कोणत्या रकान्यात बसतो, हे मला कामामुळे पाहावे लागते. त्या आधारावर माझे मत असे आहे की कंपनीचा पैसा पक्षाचा एखादा निर्णय थेट विकत घेतो असे फार कमी वेळा घडते. त्याचा खरा परिणाम वेगळा आणि अधिक खोल असतो. त्या पैशामुळे पक्षाला स्वतःच्या मतदारावर अवलंबून राहावे लागत नाही. मतदाराची गरज मतदानाच्या दिवशी उरते, मधल्या पाच वर्षांत उरत नाही, आणि ज्याची गरज उरत नाही त्याला विचारण्याची सवयही हळूहळू मोडते.

हे समजण्यासाठी आपल्या भागात पक्ष पूर्वी कशावर चालत होते ते आठवावे लागेल. १९४२ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगलीत, प्रतिसरकार उभे राहिले ते गावोगावच्या घरांनी दिलेल्या भाकरीवर आणि आसऱ्यावर. त्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांना १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, साताऱ्याने लोकसभेवर पाठवले. त्या काळातील प्रचार म्हणजे लोकवर्गणी, भिंतीवरची चुन्याची अक्षरे आणि ज्याच्या घरी मुक्काम त्याच्याच घरचे जेवण. वर्गणी देणारा माणूस सभेत उभा राहून बोलू शकत असे, कारण पुढच्या वेळी त्याने हात आखडता घेतला तर सभा भरणार नाही हे व्यासपीठावरच्या माणसाला ठाऊक होते.

पुढे सहकाराचा काळ आला. सांगलीत वसंतदादांच्या पुढाकाराने उभा राहिलेला कारखाना, रेठऱ्याचा कृष्णा, साखराळ्याचा राजारामबापू, भुईंजचा किसन वीर, वाळव्याचा हुतात्मा, ही नावे इथल्या माणसाला सांगावी लागत नाहीत. निवडणुका कारखान्याच्या बळावर लढवल्या जाऊ लागल्या. कारखान्याच्या गाड्या, डिझेल, शेती विभागाचे कर्मचारी, गटागटांतून पसरलेले, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे स्लिप बॉय अशी तयार यंत्रणा प्रचाराला मिळत असे. तो काळ स्वच्छ होता असे मी अजिबात म्हणणार नाही. तो पैसा सभासदाचाच होता आणि त्याला न विचारता खर्च होत होता. विरोधात गेलेल्याच्या उसाला तोड वेळेवर मिळत नसे, आणि उसाच्या बिलातून झालेल्या कपातींचा आणि ठेवींचा हिशेब वर्षानुवर्षे लागत नसे. मात्र त्या व्यवस्थेत सभासदाच्या हातात एक दोरी होती. दरवर्षी अहवाल छापावा लागे, सर्वसाधारण सभा घ्यावी लागे, आणि ती सभा कितीही घाईने ‘मंजूर, मंजूर’ करत उरकली तरी तिथे उभे राहून ताळेबंदावर बोट ठेवणारा एखादा म्हातारा सभासद अध्यक्षाला घाम फोडू शकत असे. संचालक मंडळाची निवडणूक हरली तर तालुक्याचे राजकारण हातून जाई. मतदार, सभासद आणि पक्षाला बळ पुरवणारा हे तिघे एकाच माणसात होते, म्हणून पक्षाला त्याचे ऐकावे लागत होते.

याच काळात दिल्ली-मुंबईकडे दुसरा प्रवाह वाढत होता. राजकीय पक्षाला देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रात बदल करण्याची परवानगी मागितली तेव्हा, १९५७ साली, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी ती दिली, कारण कायद्यात तशी मनाई नव्हती. पण त्याच निकालात त्यांनी हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा घोटू शकतो असे बजावले आणि संसदेने यावर बंधने आणावीत असे सुचवले. १९६० मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन देणगीला २५,००० रुपये किंवा सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यांपैकी जास्त असेल ती मर्यादा घातली गेली. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली. पैसा थांबला नाही. पक्षांच्या स्मरणिका निघू लागल्या आणि त्यांत कंपन्या पानभर जाहिराती देऊ लागल्या, शिवाय रोखीचा मार्ग उघडाच राहिला. १९८५ मध्ये बंदी उठली, २०१३ च्या कंपनी कायद्याने मर्यादा मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांवर नेली, आणि २०१७ च्या वित्त कायद्याने ती मर्यादाही काढून टाकली, शिवाय कोणत्या पक्षाला पैसे दिले हे कंपनीने नफा-तोटा पत्रकात सांगण्याची अटही रद्द केली. २ जानेवारी २०१८ रोजी निवडणूक रोख्यांची योजना अधिसूचित झाली.

१९८५ या वर्षाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. त्याच वर्षी पक्षांतरबंदीचा कायदा, म्हणजे राज्यघटनेची दहावी अनुसूची, आली. तिचा हेतू चांगला होता, पण तिच्यामुळे आमदार-खासदाराने पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास त्याचे सदस्यत्व जाऊ लागले. म्हणजे एकाच वर्षात कायदेमंडळातल्या मताची किल्ली पक्षाच्या शीर्षस्थानी गेली आणि कायदेशीर कंपनी-देणगीचा मार्गही त्याच शीर्षस्थानी उघडला. पूर्वी एखाद्या उद्योगाला सभागृहातले वारे फिरवायचे तर अनेक आमदारांशी बोलावे लागले असते, आणि त्यांतल्या प्रत्येकाला आपापल्या मतदारसंघाची धास्ती असती. आता वरच्या मोजक्या माणसांशी बोलणे पुरेसे ठरते. हे दोन बदल एकत्र वाचले पाहिजेत असे मला मनापासून वाटते, आणि त्यांचा संबंध जोडून फारसे कोणी बोलत नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराच्या माहितीच्या अधिकारावर तिने घाला घातला हे एक कारण होते. दुसरे कारण आपल्या प्रश्नाशी अधिक जवळचे आहे. कंपन्यांना अमर्याद देणग्यांची मोकळीक देणे हे मनमानी आहे, कारण कंपनीची देणगी हा मोबदल्याच्या अपेक्षेने केलेला व्यवहार असतो आणि व्यक्तीच्या देणगीशी तिची बरोबरी होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले, आणि २०१७ च्या त्या तरतुदीही रद्द केल्या. तोट्यातील कंपन्यांनाही देणगीची मुभा मिळाली होती, याची दखल निकालात आहे. नंतर प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार एप्रिल २०१९ पासूनच्या काळात भारतीय जनता पक्षाला रोख्यांतून सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६०९ कोटी आणि काँग्रेसला सुमारे १,४२१ कोटी रुपये मिळाले. सर्वांत मोठी खरेदीदार फ्यूचर गेमिंग ही लॉटरी व्यवसायातील कंपनी होती, १,३६८ कोटींची, आणि तिच्यानंतर मेघा इंजिनीअरिंग ही बांधकाम कंपनी, ९६६ कोटींची. सत्तेतील पक्षाला अधिक मिळते आणि राज्यात सत्ता असलेल्या प्रादेशिक पक्षालाही भरपूर मिळते, ही गोष्ट या यादीतून डोळ्यांत भरते. विचारसरणीपेक्षा निर्णयाचा अधिकार कोणाकडे आहे, हे पाहून पैसा जातो.

हा पैसा तासगाव, कराड किंवा जतपर्यंत कसा पोहोचतो, हे मी जवळून पाहिले आहे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथेच आहे.

उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे. महाराष्ट्रात लोकसभेसाठी ती ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये आहे. त्यासाठी वेगळे बँक खाते उघडावे लागते, दररोजची नोंदवही ठेवावी लागते, चहा, वडापाव, खुर्च्या, मंडप, गाड्या यांचे जिल्हा प्रशासनाने ठरवलेले दर लावावे लागतात, खर्च निरीक्षकांकडे तपासणी होते आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. पक्षाच्या खर्चाला मात्र कोणतीही मर्यादा नाही. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत धरावा असे सांगितले होते, आणि पैशाच्या असमानतेत सामान्य माणसाची संधी चिरडली जाते ही चिंताही व्यक्त केली होती. त्याच वर्षी कायद्यात स्पष्टीकरण घालून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. पुढे तरतुदी बदलत गेल्या, तरी पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचा आणि स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या माथी पडत नाही. म्हणून कंपनीचा पैसा पक्षाच्या केंद्रीय खात्यात जातो आणि जिल्ह्यात हेलिकॉप्टर, दूरचित्रवाणीवरील जाहिराती, समाजमाध्यमांचे कंत्राट आणि सर्वेक्षण संस्था अशा रूपांत उतरतो.

यांतली सर्वेक्षण संस्था मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते. पूर्वी उमेदवारीचा विचार सुरू झाला की तालुकाध्यक्ष, बाजार समितीचे सभापती, कारखान्याचे संचालक, गावोगावचे जुने कार्यकर्ते यांची मते घेतली जात. त्यांत गटबाजी होती, घराणेशाही होती, पण त्या माणसांना आपल्या गावात तोंड दाखवायचे असे. आता एक संस्था येते, तिची पगारी मुले टॅबवर प्रश्नावली भरून घेतात आणि अहवाल थेट वर जातो. तालुकाध्यक्षाला उमेदवाराचे नाव कधीकधी दूरचित्रवाणीवरच कळते. कार्यकर्त्याचे रूपही त्याच बरोबर बदलले. बूथवर बसणाऱ्याला, फेरीत चालणाऱ्याला रोजंदारी मिळते, जेवण मिळते, गाडीखर्च मिळतो. रोजंदारी घेणाऱ्याने काम करायचे असते, सल्ला द्यायचा नसतो. आपल्या वडिलांनी पक्षाचे काम केले असे आपण लिहिले आहे. त्यांनी पदरचे खर्च केले असतील तर त्यांचा शब्द पक्षाला झेलावा लागत असणार. आज त्यांच्या जागी बसलेला तरुण मनाने कितीही निष्ठावान असला तरी त्याच्या शब्दाला ते वजन नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचे पाणी आल्यावर गावाने जुन्या विहिरीचा गाळ काढणे सोडून द्यावे, तसे पक्षांनी आपल्या गावपातळीवरच्या संघटनेचे केले आहे.

आपल्या दोन जिल्ह्यांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या चर्चेत ती येत नाही. इथे कंपनी पक्षाकडे बाहेरून चालत येते असे नेहमी नसते. पुष्कळदा ती पक्षाच्या नेतृत्वातूनच जन्म घेते. गेल्या दोन-तीन दशकांत काही सहकारी कारखाने कर्जात बुडाले, काही भाडेतत्त्वावर गेले, काही विकले गेले, आणि त्याच काळात राजकीय घराण्यांनी खासगी कारखाने, दूध संघांच्या बरोबरीने खासगी डेअऱ्या, आसवनी, शिक्षणसंस्था आणि बांधकाम कंपन्या उभ्या केल्या. यात बेकायदेशीर काहीच नाही, आणि काही खासगी कारखाने सहकारीपेक्षा वेळेवर बिल देतात हेही मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण सहकारी कारखान्यातला सभासद खासगी कारखान्यात फक्त ऊस पुरवठादार उरतो. त्याला अहवाल मिळत नाही, सर्वसाधारण सभा नाही, संचालक मंडळाला मत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस दिल्यानंतर १४ दिवसांत पैसे देण्याची अट घातली आहे आणि ती दोघांनाही लागू आहे, पण ती मोडली तर जाब विचारण्याची जागा सभासदापाशी होती तशी पुरवठादारापाशी नसते. उसाच्या दरावर सरकारशी बोलायचे कोणी, तर लोकप्रतिनिधीने. तो लोकप्रतिनिधी किंवा त्याचे कुटुंबीय ऊस खरेदी करणाऱ्या कंपनीत संचालक असतील, तर एकाच माणसाला दोन विरुद्ध बाजूंनी बोलावे लागते. आणि ही स्थिती कोणत्याही एका पक्षापुरती नाही.

आपण विचाराल की मग पैशाचा प्रभाव सिद्ध कसा करायचा. एखाद्या देणगीच्या बदल्यात अमुक निर्णय झाला असे दाखवणे लेखापालाला जवळजवळ अशक्य आहे, आणि पुराव्याशिवाय तसे आरोप करू नयेत असे माझे मत आहे. प्रभाव शोधायचा तर पक्ष काय बोलत नाही तिकडे पाहावे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचे उदाहरण घ्या. त्याच्या आखणीत सांगली जिल्ह्यातील बागायती जमीन येत होती म्हणून शेतकऱ्यांनी विरोध केला. कोणी प्रकल्पाच्या बाजूने असू शकतो, कोणी विरोधात, आणि दोन्ही भूमिका प्रामाणिक असू शकतात. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. आपल्या पक्षाची भूमिका ठरण्याआधी त्या गावांतील पक्षाच्या कार्यकर्त्यांची बैठक झाली का? की भूमिका वरून आली आणि ती गावात समजावून सांगण्याचे काम फक्त त्यांच्यावर सोपवले गेले? हीच कसोटी द्राक्ष-बेदाण्याच्या करासाठी, दूध दरासाठी, बनावट औषधांमुळे बाग गेलेल्यांच्या भरपाईसाठी लावता येते. ज्या प्रश्नावर देणगीदार उद्योगाचे आणि जुन्या मतदाराचे हित परस्परविरोधी असते त्याच प्रश्नावर पक्ष वर्षानुवर्षे मोघम बोलत असेल, तर मी ती गोष्ट गांभीर्याने घेतो.

हा अनुभव आपल्यापुरताच नाही. ब्रिटनमधील मजूर पक्ष १९०० मध्ये कामगार संघटनांनी उभा केला आणि १९१३ च्या कायद्यानंतर कामगारांच्या वर्गणीतून त्याचा निधी उभा राहू लागला. १९९० च्या दशकात पक्षाने संघटनांवरचे अवलंबित्व कमी करण्यासाठी धनिकांच्या मोठ्या देणग्या स्वीकारायला सुरुवात केली, आणि सत्तेवर आल्यावर १९९७ मध्येच फॉर्म्युला वन शर्यतींचे प्रमुख बर्नी एक्लस्टन यांची दहा लाख पौंडांची देणगी त्याला परत करावी लागली, कारण त्याच सुमारास त्या शर्यतींना तंबाखूच्या जाहिरातबंदीतून सवलत देण्याचे ठरले होते. २०१९ मध्ये त्या पक्षाने सेजफील्ड आणि बोल्सोव्हरसारखे खाणकामगारांचे जुने गड गमावले. २०२४ मध्ये बोल्सोव्हर परत आले, पण आता ते कायमचे आपले आहे असे तिथे कोणी समजत नाही. अमेरिकेत १९७४ साली कंपन्यांच्या राजकीय निधी समित्या शंभरापेक्षा कमी होत्या, १९८० पर्यंत त्या हजाराच्या वर गेल्या. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधिगृह प्रचार समितीचे प्रमुख टोनी कोएलो यांनी १९८० च्या दशकात उद्योगांच्या निधीकडे जाणीवपूर्वक मोर्चा वळवला, कारण बहुमत त्यांच्या पक्षाचे होते आणि उद्योगांना बहुमताशी बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९९३ मध्ये उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार मंजूर झाला तेव्हा त्या सभागृहातील बहुसंख्य डेमोक्रॅट सदस्यांनी विरोधात मत दिले होते, तरी त्यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी तो पुढे नेला. कोळसा खाणींचे वेस्ट व्हर्जिनिया राज्य १९९६ पर्यंत बहुतेक वेळा त्या पक्षाला मत देत होते, आणि २००० पासून राष्ट्राध्यक्षपदासाठी एकदाही दिलेले नाही.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या सगळ्याचे एकमेव कारण पैसा आहे असे मानणे चूक होईल. वेस्ट व्हर्जिनियात खाणी बंद पडणे, पर्यावरणविषयक धोरणे आणि सामाजिक प्रश्नांवरील मतभेद यांचाही मोठा वाटा होता. आपल्याकडे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने निवडणूक रोखे घेतले नाहीत, उलट त्यांच्याविरुद्ध न्यायालयात याचिका केली, तरी त्या पक्षाचा पश्चिम बंगालमधला जुना मतदार निसटला. सातारा-सांगलीत शेतकरी कामगार पक्ष कंपन्यांच्या पैशाने दुबळा झाला नाही. त्याचे बिनीचे कार्यकर्ते काँग्रेसमध्ये गेले आणि सहकाराच्या सत्तेने त्याचा पाया ओढून घेतला. म्हणून “पक्ष आधी तुटला की पैसा आधी आला” या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की तुटणे आधी सुरू होते, पण पैसा ते जाणवू देत नाही. मतदार दुरावला की पूर्वी वर्गणी आटत असे, सभा रिकाम्या पडत, आणि पक्षाला लवकर इशारा मिळत असे. आता खाते भरलेले असते, सभेला माणसे आणली जातात, आणि इशारा थेट निकालाच्या दिवशी मिळतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सांगलीची जागा महाविकास आघाडीत काँग्रेसऐवजी दुसऱ्या पक्षाला सुटली, आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहून निवडून आले. त्यात पैशाचा प्रश्न होता असे मी म्हणत नाही. पण मुंबईत-दिल्लीत झालेला निर्णय आणि जिल्ह्यातल्या परंपरागत मतदाराचे मन यांत किती अंतर पडू शकते, हे त्या निकालाने दाखवले. शिवाय २०२२ आणि २०२३ मध्ये राज्यातील दोन मोठे पक्ष फुटले, तेव्हा ज्या घरांनी पिढ्यान्पिढ्या एका चिन्हावर शिक्का मारला त्यांना ते चिन्ह कोणाकडे जाणार हे कोणी विचारले नाही.

राहिला प्रश्न आपण काय करावे याचा. पक्ष सोडा असे मी सांगणार नाही. परंपरेने मत देणाऱ्याचे मत गृहीत धरले जाते हे खरे असले तरी पक्षाला आतून जाब विचारण्याचा नैतिक अधिकारही त्याच्याकडेच असतो, आणि बाहेर पडल्यावर तो जातो. पण जाब विचारताना हातात कागद असावा. २०,००० रुपयांवरील देणग्यांची यादी प्रत्येक पक्षाला दरवर्षी निवडणूक आयोगाला द्यावी लागते, आणि ती आयोगाच्या संकेतस्थळावर असते. पक्षांचे वार्षिक लेखापरीक्षित हिशेब आणि निवडणूक खर्चाची विवरणेही तिथे मिळतात. रोखे गेल्यानंतर कंपन्यांचा ओघ पुन्हा निवडणूक न्यासांकडे, म्हणजे इलेक्टोरल ट्रस्टांकडे, वळला आहे; त्यांचे अहवालही पाहावेत. न्यासाने वर्षभरात मिळालेल्या रकमेच्या ९५ टक्के पक्षांना वाटायचे असतात आणि देणाऱ्यांची व घेणाऱ्यांची नावे जाहीर करायची असतात, पण एकाच न्यासात अनेक कंपन्यांचा पैसा जमा होत असल्याने कोणत्या कंपनीचा रुपया कोणत्या पक्षाला गेला हे त्या अहवालातून नेहमी जुळवता येत नाही. कायद्यातली ही पळवाट बुजवली गेली पाहिजे. तसेच २०,००० च्या आतील देणग्यांच्या नावाविना दाखवल्या जाणाऱ्या मोठ्या रकमा आणि पक्षाच्या अमर्याद खर्चाची मुभा याही बंद झाल्या पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या जिल्ह्यापुरते सांगायचे तर उमेदवाराचे शपथपत्र काळजीपूर्वक वाचावे. त्यात त्याचे, जोडीदाराचे आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांचे कंपन्यांतील समभाग, कर्जे, उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटे दिलेली असतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर किरकोळ शुल्क भरून कंपनीचे संचालक आणि ताळेबंद पाहता येतात. उमेदवाराचा निवडणूक खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक कार्यालयात नाममात्र शुल्क भरून कोणालाही पाहता येतो. माझ्या अनुभवात तो पाहायला पत्रकारांखेरीज क्वचितच कोणी येते. आपल्या गावातल्या पाच-दहा जुन्या घरांनी मिळून हे कागद एकदा जरूर वाचावेत, आणि पक्षाला वर्गणी द्यायची असेल तर ती पावती घेऊन, शक्यतो बँकेमार्फत द्यावी, कारण २,००० रुपयांवरची देणगी रोखीने घेतल्यास पक्षाची प्राप्तिकरातली सूट जाऊ शकते. रक्कम लहान असली तरी पावतीवर नाव असलेल्या माणसाला तालुका समितीकडे हिशेब मागता येतो.

त्यानंतर तालुक्याच्या बैठकीत दोनच गोष्टी विचाराव्यात. पक्षाला मिळालेल्या निधीपैकी तालुक्याला किती आला आणि तो कोणी, कशावर खर्च केला, ही एक. आणि आपल्या तालुक्याशी संबंधित अमुक प्रश्नावर पक्षाची भूमिका ठरण्यापूर्वी इथल्या सदस्यांचे मत कोणी घेतले, ही दुसरी. प्रश्न लेखी द्यावेत, तारीख टाकून पोच घ्यावी, आणि उत्तर आले नाही तर त्या पत्राच्या प्रती शेजारच्या गावांतील जुन्या कार्यकर्त्यांना द्याव्यात, म्हणजे पुढच्या वेळी सर्वेक्षणाची मुले टॅब घेऊन दारात येतील तेव्हा हे दोन प्रश्न त्यांना प्रत्येक घरात ऐकावे लागतील.